संकासुराची बोली : गुन्हेगारी चित्रपटांच्या आकर्षणाविषयी

मारामारी आणि रक्तपात यांनी भरलेले चित्रपट तरुणांना का आवडतात, असे विचारले की उत्तरे बहुधा ठरलेली असतात. माणसाच्या मनात दडलेली पाशवी वृत्ती, शहरी जीवनातला कोंडमारा, निर्मात्यांचा धनलोभ, इत्यादी. ही उत्तरे चूक आहेत असे नाही, पण ती अपुरी आहेत. रक्तपात शेकडो चित्रपटांत असतो आणि त्यांतले बहुतेक प्रेक्षक आठवड्याभरात विसरून जातो. मग ‘अर्धसत्य’ (१९८३) चाळीस वर्षांनंतरही का पाहिला जातो? ‘सत्या’ (१९९८) पडद्यावर आला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी आमच्या वर्गातली मुले भिकू म्हात्रेची वाक्ये त्याच्याच हेलात कशी म्हणून दाखवतात? त्यांना त्या चित्रपटातला एखादा खून कसा झाला हे विचारले तर ती गोंधळतात. भिकू काय बोलला ते मात्र त्यांना तोंडपाठ असते. या निरीक्षणावरून असे म्हणावेसे वाटते की, अशा चित्रपटांची ओढ डोळ्यांपेक्षा कानाला अधिक असते. हिंसा आपल्याला थिएटरात नेते, पण आपल्याला धरून ठेवते ती हिंसा करणाऱ्या माणसाची बोलण्याची तऱ्हा.

ही गोष्ट सिनेमाने शोधून काढलेली नाही. पेडणे-डिचोलीकडच्या जत्रांत दशावतारी काला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची जुनी ओळख आहे. मुख्य आख्यानाच्या आधी जे आडदशावतार होते, त्यात वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर येतो. देव आणि राजे बोलतात ती भाषा पोथीतली, जड, तत्सम शब्दांनी लदलेली मराठी. संकासुर मात्र गावची बोली बोलतो. त्याचे संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. तो समोर बसलेल्यांची थट्टा करतो, गावातल्या ताज्या भानगडी काढतो, हशा पिकवतो. वास्तविक तो असुर, वेदांचा चोर, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणारा. ते सर्वांना ठाऊक असते आणि सर्वांना मान्यही असते. तरी पोरे जागी राहतात ती त्याच्यासाठी. देवाविषयी आपल्याला आदर असतो, पण ओळख वाटते ती संकासुराची, कारण तो आपल्यासारखा बोलतो. (भरताच्या नाट्यशास्त्राने वध रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये असा दंडक घातला होता. आपल्या लोकरंगभूमीने तो फारसा जुमानला नाही, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.)

गुन्हेगाराला त्याची खरी बोली देण्याचा प्रश्न मराठी साहित्यात चित्रपटाच्या कितीतरी आधी उभा राहिला. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा छापील पानावर आली म्हणून केवढा गहजब झाला. आचार्य अत्रे यांनी पुस्तकावर कडाडून हल्ला चढवला. आज ते पुस्तक आपण अभ्यासाला लावतो. पुढे विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ या नाटकांवरून तसेच वाद झाले. तेंडुलकरांच्या बाबतीत एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९७०च्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन त्यांनी समाजातल्या वाढत्या हिंसाचाराचा अभ्यास केला. हिंसेविषयी लिहिण्याआधी ती कुठे, कोणाच्या घरात, कोणत्या कारणाने होते हे पाहण्याची त्यांना गरज वाटली. चित्रपटातील वास्तव संवादाची मुळे या पायपिटीत आहेत, ध्वनिमुद्रण यंत्रात नव्हेत.

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ हिंदीत असला तरी त्याचा पिंड मराठी आहे. कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे, आणि ज्या कवितेवरून चित्रपटाला नाव मिळाले ती दिलीप चित्रे यांची. नायक अनंत वेलणकर हा मुंबईतला पोलीस सब-इन्स्पेक्टर. त्याला पुढे शिकायचे होते, पण पोलिसात नोकरी केलेल्या बापाने जबरदस्तीने त्याला त्याच खात्यात घातले. बाप आईला मारीत असे आणि हा लहानपणी ते पाहत असे. एवढ्या दोन गोष्टींवर सारा चित्रपट उभा आहे. वेलणकर प्रामाणिक आहे, म्हणून त्याची घुसमट होते. घुसमट होते म्हणून तो दारू पितो. आणि एका रात्री एक क्षुल्लक रेडिओचोर त्याच्या हातून कोठडीत मार खाऊन मरतो. हा प्रसंग पाहताना प्रेक्षकाच्या मनात जे चालते ते तपासून पाहावे. ज्या हाताने गुंडांना मारावे असे आपल्याला दोन तास वाटत होते, त्याच हाताने एक दुबळा माणूस मेलेला असतो. टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहतात.

याच चित्रपटातला रामा शेट्टी सदाशिव अमरापूरकरांनी केला. मराठी रंगभूमीवरून आलेल्या या नटाची हिंदीतली ही पहिली मोठी भूमिका. त्याआधी हिंदी पडद्यावरचा खलनायक म्हटला की सोनेरी खुर्ची, लाल दिवे, पिंजऱ्यातले प्राणी असा थाट असे. रामा शेट्टी आवाज चढवत नाही. हिशेबनीस व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाशी बोलावे तसा बोलतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते, कारण असा माणूस आपण नगरपालिकेत, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत पाहिलेला असतो. नसीरुद्दीन शहा यांनी केलेला माईक लोबो हा आणखी एक नमुना. आडनाव ऐकताच गोमंतकीय माणसाचे कान टवकारतात. नोकरी गमावून दारूत बुडालेला हा पोलीस अधिकारी वेलणकरला आपल्या रूपाने त्याचे उद्याचे चित्र दाखवून जातो. त्याची भूमिका लहान आहे, पण वेलणकरच्या भीतीला तोंडवळा त्याच्यामुळे मिळतो.

‘सत्या’कडे वळताना काळ बदललेला असतो. १९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडले होते. त्या घरांतल्या मुलांचे काय झाले, ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात वाचावे. पुढे त्यावरून महेश मांजरेकर यांनी ‘लालबाग परळ’ (२०१०) काढला. रामगोपाल वर्मा यांच्या ‘सत्या’त या इतिहासाची चर्चा नाही, पण त्याच्या बायकोपोरांसकट एक टोळीवाला आहे. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी लेखन केले, आणि नटांना संवाद आपापल्या तोंडी बसवून घेण्याची मोकळीक होती असे त्यांतल्या अनेकांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. त्याचा परिणाम असा की माणसे एकमेकांचे वाक्य तोडतात, अर्ध्यावर सोडतात, मुद्द्याला सोडून बोलतात. मनोज बाजपेयी यांचा भिकू म्हात्रे बाहेर माणसे मारतो आणि घरी उशिरा आल्याबद्दल बायकोच्या शिव्या खातो. तो हात उगारतो, तीही ऐकून घेत नाही. शेफाली शहा यांच्या प्यारीमुळे भिकू खरा वाटतो, असे माझे मत आहे. गुंडाला घर दिले की तो प्रेक्षकाचा शेजारी होतो, आणि शेजाऱ्याचा न्याय आपण वेगळ्या तागडीने करतो.

येथे आपल्या साहित्यशास्त्रातला एक मुद्दा पुढे येतो. भट्टनायकाने साधारणीकरणाचा विचार मांडला. रंगमंचावरचा राम हा दशरथाचा विशिष्ट पुत्र न राहता सर्वसाधारण प्रेमी किंवा शोकाकुल पुरुष होतो, विशेषाची टरफले गळून पडतात, म्हणून रसास्वाद शक्य होतो असे त्याचे म्हणणे. वास्तववादी गुन्हेगारी चित्रपट नेमके उलटे करताना दिसतो. तो विशेष वाढवतो. आडनाव, गल्ली, शिवी, चहाचा पेला, बनियनचे भोक, सगळे जपून ठेवतो. मग भट्टनायक खोटा ठरला काय? तसे वाटत नाही. फोंड्यात वाढलेला विद्यार्थी मुंबईच्या चाळीत कधी राहिलेला नसतो, गँगवॉर त्याने पाहिलेले नसते, भिकू बोलतो ती मिश्र हिंदी त्याच्या घरी कोणी बोलत नाही. तरी तो खात्रीने सांगतो की हे खरे आहे. कशाशी ताडून? वस्तुस्थितीशी ताडण्याचे साधन त्याच्याजवळ नसतेच. बोलण्याच्या खाचखळग्यांवरून तो ओळखतो की इथे कोणी भाषण करीत नाही. हा माणूस समोरच्या माणसाशी बोलतो आहे, माझ्याशी नव्हे. त्या खरेपणाच्या भावनेतून त्याचे आणि भिकूचे अंतर मिटते. विशेष हेच येथे साधारणीकरणाचे साधन झाले आहे. वास्तव संवाद म्हणजे वास्तवाची नक्कल नसून विश्वास संपादन करण्याची एक कला आहे, आणि इतर कलांप्रमाणे तिचेही संकेत बनतात. ‘सत्या’नंतर आलेल्या कितीतरी चित्रपटांतले गुंड एकमेकांकडून बोलायला शिकल्यासारखे वाटतात, त्याचे कारण हेच.

संकेत किती लवकर फुगतो, हे पाहायचे असेल तर ‘शूटआउट अ‍ॅट वडाला’ (२०१३) पाहावा. मन्या सुर्वे हा कीर्ती महाविद्यालयातला पदवीधर. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. विषय सत्य, नावे ओळखीची, पण प्रत्येक पात्र टाळीसाठी बोलते. सत्य घटनेवरचा हा चित्रपट काल्पनिक ‘सत्या’पेक्षा खोटा वाटतो.

बोली जसजशी आपल्या घराजवळ येते, तसतशी ही ओढ वाढते. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) मध्ये पुण्याच्या पश्चिमेकडच्या गावातला शेतकरी जमीन विकतो, पैसा उडतो, आणि मुलगा मार्केट यार्डात हमाली करता करता टोळीत शिरतो. त्यातली मराठी पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातली आहे, आपली नव्हे. पण मोप विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला, त्याच्या आधीपासून पेडण्यात जमिनींची जी उलाढाल चालली आहे, ती पाहणाऱ्या मुलाला या चित्रपटाचा पहिला भाग समजावून सांगावा लागत नाही. कोंकणीत मिरांशा नाईक यांच्या ‘जुझे’ (२०१७) ने गोव्यातल्या स्थलांतरित मजुरांवर सत्ता गाजवणारा घरमालक दाखवला. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना राज बी. शेट्टी यांचा ‘गरुड गमन वृषभ वाहन’ (२०२१) ठाऊक असेलच. मंगळुरातल्या मंगळादेवी भागातली ही दोन मित्रांची कथा, बोली तिथलीच. त्यातला शिव खून करून येतो आणि पावसात वाघाच्या सोंगासारखा नाचतो. तो नाच पाहताना मला आपल्या काल्याची आठवण झाली. किनारपट्टीवर असुराच्या अंगात नाच असतोच. दिग्दर्शकाने तो बंगळुरातून आणला नाही, गल्लीतूनच उचलला. कन्नडमध्ये याआधी ‘आ दिनगळु’ (२००७) झाला होता. बंगळुरच्या टोळीजगतात स्वतः वावरलेल्या अग्नी श्रीधर यांच्या आठवणींवर तो आधारलेला, आणि त्याच्या पटकथेत गिरीश कार्नाडांचा हात होता. मराठीत तेंडुलकर, कन्नडमध्ये कार्नाड : दोन्ही भाषांतले पहिल्या प्रतीचे नाटककार या विषयाकडे वळावेत, हा काही योगायोग नाही. नाटककाराला ठाऊक असते की माणूस काय करतो ते दाखवण्यापेक्षा करण्याआधी तो काय बोलतो ते दाखवणे अधिक कठीण आहे.

आता या आकर्षणाची जी बाजू मला काळजीची वाटते, तिच्याविषयी. ओळख पटली की क्षमा सोपी होते. भिकू मेला तेव्हा हळहळणारे प्रेक्षक भिकूने मारलेल्यांची नावे सांगू शकत नाहीत, कारण मेलेल्यांच्या घरी कॅमेरा सहसा गेलेलाच नसतो. वास्तव येथे निवडून वाढलेले असते. मारणाऱ्याला बोली मिळते, मरणाऱ्याला किंकाळी. पोलिसांच्या बाजूनेही असेच घडते. ‘अब तक छप्पन’ (२००४) मधला नाना पाटेकरांचा साधू आगाशे कचेरीतले काम उरकावे तसे एन्काउंटर उरकतो. तो घरी बायकोशी साधे, प्रेमळ बोलतो, आणि त्या साध्या बोलण्याने खटल्याविना झालेली हत्या आपल्याला रास्त वाटू लागते. त्यात एक फसवणूक आहे, ती नीट पाहिली पाहिजे. चित्रपटात आपण साक्षीदार असतो. गुन्हा कोणी केला ते आपण डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून वकील, पुरावा, तारखा हा सारा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात तसे पाहणारा बहुधा कोणीच नसतो. अभिजित पानसे यांच्या ‘रेगे’ (२०१४) या मराठी चित्रपटाला हे कळले होते. गुन्हेगारी जगताच्या मोहाने त्यात ओढला जाणारा सुशिक्षित घरातला मुलगा त्यात आहे. म्हणजे जवळजवळ आपल्यासारखा प्रेक्षकच पडद्याच्या आत गेला आहे.

साक्षीदार नसलेला गुन्हा कसा असतो, हे फोंडा तालुक्याला सांगायची गरज नाही. २००९च्या एप्रिलमध्ये शिरोड्याकडच्या एका इसमाला अटक झाली. १९९४ पासून १६ स्त्रियांचे खून केल्याची कबुली त्याने पोलिसांना दिली, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापले. लग्नाचे वचन देऊन गरीब घरच्या मुलींना दागिने घालून बोलवायचे आणि त्यांच्याच ओढणीने गळा आवळायचा, अशी त्याची रीत सांगितली गेली. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, पण बऱ्याच खटल्यांतून पुराव्याअभावी तो सुटला. त्याच वर्षी दक्षिण कन्नड जिल्ह्यात एका माजी शिक्षकाला अशाच प्रकारच्या, पण सायनाइड देऊन केलेल्या खुनांसाठी अटक झाली. दोन्ही ठिकाणी कित्येक वर्षे कोणाला संशय आला नव्हता.

हा माणूस काय बोलत असेल? शिव्या नक्कीच नव्हेत. तो भिकूसारखा समुद्रासमोर उभा राहून ओरडणारा नव्हता, रामा शेट्टीसारखा दबा धरणाराही नव्हता. लग्न ठरवायला आलेला बरा माणूस जसा बोलतो तसा बोलत असला पाहिजे. मुलीच्या वयाची, हुंड्याच्या अडचणीची विचारपूस करणारा. आपण ज्याला वास्तव संवाद म्हणतो, त्यात ही बोली क्वचितच येते, कारण तिच्यात नाट्य नाही आणि ती म्हणून दाखवायला कोणाला आवडणार नाही. २०२३ साली आलेल्या ‘दहाड’ या हिंदी मालिकेने तो प्रयत्न केला. राजस्थानात घडणाऱ्या त्या कथेतला खुनी हिंदी साहित्याचा प्राध्यापक आहे, मृदू बोलतो, कविता शिकवतो. (आमच्या व्यवसायावर हा अन्याय म्हणावा की न्याय, ते विद्यार्थ्यांनी ठरवावे.) पण त्या मालिकेचे बळ खुन्यात नाही. एक पोलीस अधिकारी स्त्री बेपत्ता मुलींची यादी घेऊन त्यांच्या घरी जाते, आणि घरचे लोक काय बोलतात किंवा बोलायचे टाळतात ते आपण ऐकतो. मुलगी पळून गेली असे समजून कोणी तक्रारच केलेली नसते. लोक काय म्हणतील या भीतीने गप्प बसलेले बाप, आणि फोटो पुढे करणाऱ्या आया. शांतपणे बसून ऐकावे असे बोलणे तिथे आहे.

आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादी एकांकिका टोळीयुद्धावर असते. मुले ती उत्साहाने करतात, शिव्या गाळून घ्याव्या लागतात, टाळ्याही पडतात. त्यांनी एकदा जुन्या वर्तमानपत्रांतल्या बेपत्ता व्यक्तींच्या जाहिराती वाचून काढाव्यात. वय, उंची, वर्ण, बांधा, अंगावरचे कपडे, कानात काय, गळ्यात काय, आणि शेवटी एक ठरलेले वाक्य असते : कोंकणी, मराठी व थोडी हिंदी बोलते. घरून निघताना ती यांतल्या कोणत्या भाषेत काय सांगून निघाली, एवढ्यावरच एक प्रवेश लिहून पाहावा.